इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींवरील संशोधन

रुग्णाच्या तक्रारी, तपासण्या, निदान व औषधे यांची संगणकात साठवलेली आणि अधिकारानुसार एकाहून अधिक रुग्णालयांना पाहता येणारी नोंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद. तिच्यावरील संशोधन दोन अंगांनी चालते: नोंदप्रणालीचा उपचारांवर होणारा परिणाम तपासणे, आणि साठलेल्या नोंदींतून रोगांविषयी काही नवे शोधणे. दुसऱ्या अंगाला हल्ली अधिक प्रसिद्धी मिळते. परंतु नोंद कोणी आणि कोणत्या गरजेपोटी केली हे ध्यानात न घेता काढलेले निष्कर्ष सहज फसवे ठरतात.

अमेरिकन वैद्य लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाच्या समस्यांनुसार नोंदी मांडण्याची पद्धत सुचवली आणि तिला संगणकाची जोड दिली. १९७२ पासून इंडियानापोलिस येथील रेगेनस्ट्रीफ संस्थेत अशी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आली. संगणकामुळे चुका घटतील हा विश्वास मात्र २००५ मध्ये डळमळला. पेनसिल्व्हेनियातील एका अभ्यासात औषधे लिहून देण्याच्या संगणकीय प्रणालीमुळे चुकांना वाव मिळण्याचे २२ प्रकार आढळले. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातील एका अभ्यासाने अशी प्रणाली आल्यानंतर, दुसऱ्या रुग्णालयांतून आणलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे नोंदवले. सिअॅटलच्या एका रुग्णालयात तीच प्रणाली बसवूनही अशी वाढ दिसली नाही. फरक यंत्रापेक्षा ते राबवण्याच्या रीतीत होता, असे मानण्यास जागा आहे.

साठलेल्या नोंदी निसर्गाचे सरळ प्रतिबिंब नसतात, हे २०१८ मधील एका अभ्यासाने विलक्षण रीतीने दाखवले. रक्ततपासणी किती वाजता व कोणत्या वारी सांगितली एवढ्यावरून रुग्ण तीन वर्षे जगेल की नाही याचा अंदाज, पुरेशी माहिती असलेल्या १७४ पैकी ११८ तपासण्यांच्या बाबतीत, तपासणीच्या निकालापेक्षा अधिक अचूक बांधता आला. पहाटे तीनला तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरची काळजी त्या नोंदीत आधीच उतरलेली असते.

एकाच व्यक्तीच्या विखुरलेल्या नोंदी जुळवणे, हा या क्षेत्रातील सर्वांत चिवट प्रश्न होय. अमेरिकन आरोग्य-आकडेवारीतज्ज्ञ हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली, तर संख्याशास्त्रज्ञ आयव्हन फेलेगी व अॅलन संटर यांनी १९६९ मध्ये तिला संभाव्यतेचे गणित दिले: नाव, जन्मतारीख, पत्ता यांतील प्रत्येक जुळणीला वजन द्यायचे आणि दुर्मिळ गोष्ट जुळली तर ते वाढवायचे. इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या नावांवर हे गणित लावून पाहिले की अडचणी उघड होतात. हिंदीत लिहिताना ‘काळे’चे सहज ‘काले’ होते. ‘वाघ’ रोमन लिपीत कधी ‘व्ही’ने तर कधी ‘डब्ल्यू’ने सुरू होते, आणि सारख्या उच्चाराच्या नावांना एकच संकेत देणारी, इंग्रजी उच्चारांवर बेतलेली साउंडेक्स ही जुनी पद्धत आद्याक्षर जसेच्या तसे ठेवत असल्याने दोन निराळे संकेत देते. मराठी रीतीने नावातच येणारे वडिलांचे किंवा पतीचे नाव हिंदी पर्च्यावर ‘पिता/पति का नाम’ या वेगळ्या रकान्यात जाते किंवा गळते. लग्नानंतर आडनावासह पहिलेही नाव बदललेल्या आजींचा माहेरच्या नावाचा जुना केसपेपर नव्या फाइलशी जुळवायला जन्मतारखेखेरीज फारसे काही हाती उरत नाही, आणि त्या पिढीच्या जन्मतारखा पुष्कळदा शाळेत अंदाजाने घातलेल्या असतात. उतारवयात पुण्याला मुलाकडे गेल्यावर तेथील रुग्णालयात सारे पुन्हा पहिल्यापासून लिहिले जाते.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये नोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील ‘आभा’ हा व्यक्तीचा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक जुळवणीचा प्रश्न पुष्कळ सोपा करतो. पण तो घेणे ऐच्छिक आहे आणि पूर्वीचे कागद त्याने आपोआप जोडले जात नाहीत. या रचनेत नोंदी एका मध्यवर्ती भांडारात न जाता जेथे तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दाखवल्या जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला होऊन तेथील कामकाज बरेच दिवस हाताने चालवावे लागले, त्यामुळे सुरक्षेची चर्चा तीव्र झाली.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला, त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवलेली मानके पाळली जाणार असतील तर, सवलत दिली आहे. मात्र केवळ नाव काढून टाकल्याने ओळख पुसली जात नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात जन्मतारीख, लिंग व पिनकोडसारखा टपाल क्रमांक एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी हुडकून काढल्या होत्या. एखाद्या शहरातील लहान भाषिक समाजाला हा धोका अधिक असतो: नोंदीत मातृभाषेचा रकाना ठेवला तर त्या समाजातील आजारांचा अभ्यास शक्य होतो, आणि तोच रकाना शोधणाऱ्याचे क्षेत्र काही मोजक्या घरांपर्यंत आणून ठेवतो.