कातेनाच्चो हेरेरांचा नव्हे

इंटर मिलान या इटालियन फुटबॉल क्लबचा विषय निघाला की कातेनाच्चो (बचावावर भर देणारी खेळपद्धत) त्याचे एकेकाळचे प्रशिक्षक हेलेनिओ हेरेरा यांनीच शोधला, असं हमखास ऐकू येतं. चूक. बचावफळीमागे एक मोकळा खेळाडू ठेवण्याची त्यातली मूळ पद्धत प्रशिक्षक कार्ल रापान यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९३०च्या दशकातच वापरली होती. इटलीत नेरेओ रोक्को यांनी १९४७-४८मध्ये त्रिएस्तिनासारख्या छोट्या क्लबला लीगमध्ये संयुक्त दुसऱ्या स्थानावर नेलं, तेही याच वाटेने.

हेरेरांचं कसब पुढचं. इंटरचा मोकळा खेळाडू पिक्की मागे राखणीला, म्हणून डावा बचावपटू फाकेत्ती बिनधास्त वर चढायचा. १९६५-६६च्या लीगमध्ये त्याने १० गोल केले! नक्कल करणाऱ्यांनी पिक्की उचलला, फाकेत्तीला विसरले. उरला नुसता बचाव. अर्थात १९६७च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात खुद्द इंटरही सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केल्यानंतर नुसत्या बचावात मागे सरकला आणि स्कॉटलंडच्या सेल्टिककडून २-१ हरला.