प्लॅन तिप्पट केला, तरी गेम अडकतो

गेम लॅग मारायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: मोठा प्लॅन घे. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, दोन दिवस बरं वाटतं. मग घरात कुणाच्या तरी मोबाईलवरचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात आणि आपण आडोशामागे गेल्यावर दीड क्षणाने गोळी लागून मरतो.

यात गल्लत दोन वेगळ्या गोष्टींची आहे. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो, आणि पिंग म्हणजे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात. गेम डाउनलोड करताना स्पीड हवा हे खरंच. खेळताना मात्र जातात ती चिमुकली पॅकेटं: खेळाडू कुठे आहे, तोंड कुठे, बटण दाबलं का. त्याला बहुधा एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो.

पिंगचा एक भाग अंतराचा असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे २००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला किमान २० मिलिसेकंद लागणारच, त्यात कुणाला काही करता येत नाही. जवळचा सर्व्हर निवडा, एवढंच. पण पिंग मधूनच ४० वरून ६०० वर उडी मारतो तेव्हा सर्व्हर काही लांब पळालेला नसतो. वाढलेली असते ती रांग, आणि बहुतेक वेळा ती आपल्याच घरातल्या डब्यात असते.

संगणकाकडून राउटरकडे डेटा १००० एमबीपीएसने येऊ शकतो, पण बाहेर जायची, म्हणजे अपलोडची, वाट समजा ८ एमबीपीएसचीच आहे. जास्तीचा डेटा बफर नावाच्या मेमरीत थांबतो. मेमरी स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी बफर ऐसपैस ठेवले, कारण पॅकेट हरवणं वाईट हा समज. इथेच घोळ झाला.

१९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून काहीशे मीटरवरचं विद्यापीठ यांच्यातला वेग गर्दीमुळे ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला चक्क ४० बिट्सवर कोसळला होता. त्यानंतर त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या नियमावलीला, शिस्त लावली: वेग वाढवत न्यायचा, पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजून कमी करायचा. हरवलेलं पॅकेट हाच इशारा. अवाढव्य बफर पॅकेट हरवूच देत नाही, इशारा वेळेवर मिळत नाही, आणि फोटो चढवणारा मोबाईल रेटतच राहतो. १ मेगाबाइटचा बफर भरला म्हणजे ८० लाख बिट्स. बाहेरची वाट ८ एमबीपीएसची, म्हणजे पूर्ण एक सेकंदाची रांग. तिच्या शेपटाला आपलं शंभर बाइटचं गेमचं पॅकेट. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्या घरच्याच जोडणीवर हे पकडलं आणि त्याला बफरब्लोट म्हटलं.

उपाय २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी दिला. त्याचं नाव कोडेल, आणि मला तो फार देखणा वाटतो. रांग किती लांब आहे हे तो बघतच नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते मोजतो. तेही सरासरी नाही, किमान वेळ. क्षणभर आलेला लोंढा लगेच ओसरतो, त्याला हरकत नाही. पण सलग १०० मिलिसेकंदांत एकाही पॅकेटला ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी थांबावं लागलं नसेल, तर ती तुंबलेली रांग. मग तो एक पॅकेट टाकून देतो. तरी फरक नाही, तर पुढचं जरा लवकर. दोन टाकण्यांमधला काळ टाकलेल्या पॅकेटांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागत जातो, कारण टीसीपीचा वेगही पॅकेट हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी व्यस्त असतो. त्यामुळे वेग आचके न खाता एकसारखा उतरतो. एफक्यू-कोडेल या पुढच्या रूपात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, आणि गेमसारख्या थोडक्या पॅकेटांच्या प्रवाहाला आधी सोडलं जातं.

राउटरमध्ये ही सोय एसक्यूएम किंवा तत्सम नावाने असते, सगळ्यांत नसते. चालू करताना वेगमर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. थोडा स्पीड मुद्दाम सोडायचा, कारण रांग आपल्या राउटरमध्ये लागली तरच तिच्यावर आपला ताबा. मोडेममध्ये लागली की संपलं.

‘गेमिंग बूस्टर’ सॉफ्टवेअर, सोन्याचा मुलामा दिलेली केबल, डीएनएस बदलून पिंग निम्मा करणारे व्हिडिओ हे सगळं गंडेदोऱ्यांच्या जातीचं. डीएनएस फक्त सर्व्हरचा पत्ता शोधून देतो. सामना सुरू झाल्यावर त्याचं काम उरत नाही. वाय-फायऐवजी साधी केबल लावणं मात्र खरोखर उपयोगी. वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलू शकतं. दोघं एकदम बोलले की दोघांनाही पुन्हा पाठवावं लागतं, म्हणून तिथला पिंग सतत हलत राहतो.

आपल्याकडे नेमकं काय बिघडलंय हे कळायला सतत चालणारा पिंग लावा आणि मिनिटभराने एखादी मोठी फाइल अपलोडला टाका. आकडे भराभर चढले तर दोष बफरचा. अपलोड नसतानाही नाचत असतील तर आधी केबल लावून बघा. आणि दोन्ही वेळा आकडे स्थिर असूनही चित्र अडखळत असेल तर इंटरनेटला बोल लावू नका. फ्रेम रेट तपासा, दम ग्राफिक्स कार्डाचा संपलेला असू शकतो.