अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून वर्ल्डकप हुकला?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन रंगात आला की पेठेच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: "१९५० च्या वर्ल्डकपला भारत पात्र होता, पण अनवाणी खेळायला बंदी घातली म्हणून संघ गेला नाही."

अर्धा भाग खरा आहे. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने आपल्याला एकही सामना न खेळता ब्राझीलचं तिकीट मिळालं होतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे निसटते हरले, हेही खरं.

आता बंदीचं बघू. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं, तेव्हाही आपले बरेच जण बुटांविनाच होते. मग १९५० ला जे चालत नव्हतं ते दोन वर्षांनी कसं चाललं? बूट सक्तीचे झाले ते या पराभवानंतर, आणि तेही आपल्याच फुटबॉल संघटनेने केले.

माघारीची तेव्हा दिलेली कारणं वेगळीच होती: सरावाला वेळ कमी, संघनिवडीवर मतभेद. शिवाय त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकच मोठं मानायचे. खर्चाचंही बोललं जातं, पण त्यातला मोठा वाटा यजमान उचलायला तयार होते. म्हणजे निर्णय मैदानावर नाही, टेबलावर झाला. 'खेळात राजकारण नको' म्हणणाऱ्या आम्हा पेठवाल्यांना बुटांची गोष्ट जास्त गोड लागते, एवढंच.

पडताळायचंय? १९५० चा गटवार तक्ता काढा. स्वीडन, इटली, पॅराग्वेच्या गटात तीनच संघ दिसतील. चौथी जागा आपली होती.