वरिष्ठ आधी बोलले, की चर्चा तिथेच संपते

रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या हाती अपेक्षेच्या अगदी उलट निष्कर्ष आला. ज्या कक्षांत परिचारिकांचे आपसांतील संबंध चांगले होते आणि प्रमुखाचा आधार वाटत होता, तिथे चुका कमी आढळतील असा त्यांचा कयास होता. प्रत्यक्षात नोंदलेल्या चुका तिथेच जास्त निघाल्या. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या कक्षांत चुका लपवल्या जात नव्हत्या. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास करून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ आणि गटाचे शिकणे यांतील संबंध दाखवला. शंका काढली किंवा चूक कबूल केली, तरी आपला पाणउतारा होणार नाही, असा गटातील सर्वांना वाटणारा भरवसा म्हणजे ही सुरक्षितता.

समावेशक कार्यसंस्कृतीचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते. २००६ साली इंग्रिड नेमभार्ड आणि एडमंडसन यांनी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांची पाहणी केली. पद जितके वरचे, तितका बोलण्याचा धीर अधिक, हे तिथेही दिसले. परंतु ज्या विभागांतील प्रमुख इतरांचे मत आवर्जून विचारत आणि ते मिळाल्यावर त्याची कदर करत, तिथे वरच्या आणि खालच्या पदांमधील हे अंतर कमी झालेले होते. म्हणजे पदांची उतरंड कायम ठेवूनही प्रमुखाच्या वागण्याने फरक पडू शकतो.

मुंबईतील कार्यालयांना हे फार जवळून लागू पडते. वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या बैठकीत विरार, बदलापूर आणि दक्षिण मुंबईतून आलेली माणसे एकाच टेबलाभोवती बसतात, पण चर्चा इंग्रजीत चालते आणि ज्याला त्या कामाची सर्वांत बारीक माहिती आहे तोच वाक्य जुळवता जुळवता गप्प राहतो. ‘मराठीत किंवा हिंदीत सांगा, आम्हाला ते हवे आहे,’ एवढे प्रमुखाने म्हटले, तरी अडलेली माहिती बाहेर येते. सायंकाळी सहानंतर ठेवलेल्या बैठकीचेही तसेच आहे: लोकलचा दीड तासाचा प्रवास आणि घरी वाट पाहणारे मूल असलेल्या स्त्रीला तिथे बसवून मोकळेपणाने मत मागणे हा तिच्यावर अन्याय आहे.

प्रमुखाने आपले मत शेवटी मांडावे, या सल्ल्यालाही प्रयोगांचा आधार आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही, बाकी सारे एकमुखाने चुकीचे उत्तर देत असल्यामुळे सहभागी व्यक्ती सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे गेल्या. गटातील केवळ एकाने खरे उत्तर दिले, की हे प्रमाण आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर आले. वेतनवाढ ज्याच्या हाती आहे त्याचे मत आधीच ऐकलेल्या कर्मचाऱ्यावर येणारा दाब तर अनोळखी लोकांच्या दाबापेक्षा मोठाच असणार. म्हणूनच पहिला वेगळा आवाज जपणे महत्त्वाचे ठरते.

अर्थात, ज्यांना दाराच्या आतच घेतले नाही त्यांचा आवाज बैठकीत येणार कसा? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतात केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पात्रता सारखीच असूनही दलित किंवा मुस्लिम नावाच्या अर्जदारांना खासगी कंपन्यांकडून पुढच्या टप्प्यासाठी कमी बोलावणी आली. नावे झाकून अर्ज चाळणे आणि मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, हे उपाय कोणतेही कार्यालय उद्यापासून करू शकते.

बोलणाऱ्याचे पुढे काय झाले, याकडे मात्र सगळ्यांचे लक्ष असते. कनिष्ठाने सांगितलेल्या अडचणीवर काय केले, किंवा का करता आले नाही, हे प्रमुखाने पुढच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितले, तर आतापर्यंत गप्प राहिलेल्यांनाही बोलण्याचा धीर येतो.