तोतया सैनिक आणि आजाराचे सोंग

लष्करात एक दिवसही नोकरी न करता माजी सैनिक म्हणून मिरवायचे, त्याला कर्करोगाची किंवा युद्धातील जखमांची जोड द्यायची आणि लोकांची सहानुभूती व मदत उकळायची, असा हा तोतयेगिरीचा प्रकार आहे. पानिपतानंतर उपटलेल्या आणि १७७६ मध्ये देहदंड झालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाला सत्ता हवी होती. या तोतयांना हवी असते काळजी, कौतुक आणि बहुधा पैसाही.

रुग्ण म्हणून लक्ष मिळावे एवढ्यासाठीच आजार रचणे हा मानसिक विकार असून, ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९५१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे वर्णन ‘मुंचहाउसेन सिंड्रोम’ या नावाने केले. पैसा, रजा किंवा भत्ता यांसाठी केलेले सोंग या विकारात मोडत नाही.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंडचे प्रकरण या बाबतीत फार बोलके आहे. प्रॉव्हिडन्सच्या माजी सैनिक रुग्णालयातील एका समाजसेविकेने आपण मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात होतो, जखमी झालो आणि आता फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे, असे भासवले. त्यासाठी तिने नोकरीमुळे हाताशी आलेले खऱ्या सैनिकांचे वैद्यकीय तपशील वापरले आणि ‘पर्पल हार्ट’ व ‘ब्राँझ स्टार’ ही पदके विकत घेऊन गणवेशावर लावली. माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेची ती प्रमुखही झाली. धर्मादाय संस्थांनी पैसे दिले. सहकाऱ्यांनी आपल्या हक्काच्या पगारी रजेतले अडीचशेहून अधिक तास तिच्या नावे केले. उकळलेली रक्कम अडीच लाख डॉलरांच्या घरात होती. २०२३ मध्ये तिला ७० महिन्यांची कैद झाली. यातली सर्वांत संतापजनक गोष्ट पैशाची नाही: ज्यांनी खरोखर दुखणे सोसले, त्यांचेच कागद तिने आपल्या दुखण्याचा पुरावा म्हणून पुढे केले.

नुसती थाप मारणे मात्र तिथे गुन्हा नाही. पदकांबद्दल खोटे बोलण्याला शिक्षा सांगणारा २००५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. त्यामुळे २०१३ च्या नव्या कायद्यात पैसा, मालमत्ता किंवा अन्य ठोस लाभ मिळवण्याचा हेतू ही अट आली.

भारतात सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैनिकी पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंतचीच. मदत म्हणून पैसे उकळले असतील, तर फसवणुकीची कलमे लागू होतात आणि तिथे शिक्षा बरीच कडक आहे.