प्लगचा गॅप आणि सहा कोटी ठिणग्या

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर माझ्या गाडीचे तीन जुने स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनातलं पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे भाग, ओळीने मांडले होते. बारावीतली भाची शेजारी उकिडवी बसली होती. तिने एक उचलून फिरवून पाहिला आणि विचारलं, "मामा, हा तर धडधाकट दिसतोय. बदलायचा कशाला?"

मी नवा प्लग तिच्या दुसऱ्या हातात दिला. "मधल्या दांडीचं टोक बघ. दोन्हीत फरक काय?"

नव्या प्लगचं टोक करवतीने कापल्यासारखं सपाट होतं आणि त्याची कड अगदी करकरीत. जुन्याचं टोक वापरून वापरून गोल झालेल्या साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, काढला. नव्या प्लगचा गॅप, म्हणजे मधली दांडी आणि तिच्यासमोरचं धातूचं टोक यांतलं ठिणगीने ओलांडायचं अंतर, 0.8 मिलिमीटर, आणि जुन्यात 1 मिलिमीटरची पाती न अडखळता आत गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टींत होतं: कड गेली आणि गॅप वाढला.

हवा ही वीज अडवणारी वस्तू आहे. साध्या वातावरणात 1 मिलिमीटर हवा फोडून ठिणगी पडायची तर ढोबळमानाने 3000 व्होल्ट लागतात. इंजिनात ठिणगी पडते ती मात्र पिस्टनने दाबून ठासलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात. दाब वाढला की वायूचे रेणू एकमेकांच्या जवळ येतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी जागा मिळत नाही, दर पावलाला तो कुणाला तरी धडकतो. म्हणून तेवढंच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये हे मोजून मांडलं: ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. आपल्या गाडीत हा आकडा साधारण 10,000 ते 25,000 व्होल्टच्या घरात जातो. गॅप वाढला की तोही चढतो.

कडेचं काम वेगळं आहे. धातूच्या टोकदार जागी विद्युतक्षेत्र एकवटतं आणि गोलसर जागी पसरतं. करकरीत कडेवरून ठिणगी सहज सुटते, बोथट टोकावरून तिला जास्त जोर लावावा लागतो. महागड्या इरिडियम प्लगची मधली तार 0.4 ते 0.6 मिलिमीटर इतकी बारीक ठेवतात, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण मला जास्त आवडतं. ठिणगी पडल्यावर आधी ज्वाळेचा एक इवलासा गोळा तयार होतो, आणि भोवतीचा जाड धातू त्याची उष्णता शोषून त्याला विझवू पाहतो. तार बारीक असली की त्या गोळ्याला वाढायला वाव मिळतो. आता इतकी बारीक तार रोजच्या आगीत टिकायची तर धातूही तसाच चिवट हवा. निकेल 1455 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1768 ला आणि इरिडियम 2446 अंश सेल्सिअसला.

बॅटरी तर 12 व्होल्टची. मग हजारो व्होल्ट येतात कुठून? प्लगच्या डोक्यावर बसलेल्या इग्निशन कॉइलमधून. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात, एक कमी फेऱ्यांचं आणि दुसरं त्याच्या सुमारे शंभरपट फेऱ्यांचं. पहिल्यातून प्रवाह सोडून चुंबकीय क्षेत्र उभं करायचं आणि मग तो एकदम तोडायचा. क्षेत्र कोसळतं, त्या धक्क्याने पहिल्याच वेटोळ्यात काही शे व्होल्ट उसळतात, आणि दुसऱ्यात त्यांचे शंभरपट होतात. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये शोधलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने 1902 मध्ये उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो (चुंबक फिरवून ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याला साजेसा प्लग तयार केला, तेव्हापासून मोटारीची ठिणगी भरवशाची झाली.

व्होल्टचे आकडे ऐकून भाचीचे डोळे विस्फारले, म्हणून तिला ऊर्जेचाही हिशेब सांगितला. एका ठिणगीत साधारण 50 मिलिज्यूल ऊर्जा असते. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम साखर एक मीटर वर उचलायला लागते तेवढीच. पण ती इतक्या लहान जागेत आणि इतक्या कमी वेळात ओतली जाते की तिथला वायू काही हजार अंशांवर जातो. टोकाचा धातू झिजतो तो याच तापाने, दर ठिणगीला कणाकणाने. किती ठिणग्या? चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर एका प्लगवर मिनिटाला 1000 ठिणग्या. शहरात ताशी 30 किलोमीटरच्या सरासरीने 30,000 किलोमीटर जायला 1000 तास लागतात, म्हणजे 60,000 मिनिटं. गुणाकार तिनेच केला: सहा कोटी.

झिजलेला प्लग लगेच बंद पडत नाही, आणि त्यामुळेच लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. तो कॉइलकडून जास्त जास्त व्होल्टेज मागत राहतो आणि कॉइल निमूटपणे देत राहते. एक दिवस तिचं इन्सुलेशन हार मानतं. चढावर गाडी मिसिंग मारायला लागते, म्हणजे ठिणगी मधेच चुकून झटके बसतात, कारण जोर लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला नेमकं तेव्हाच जास्त व्होल्टेज हवं असतं. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जातं आणि तिथे जळून त्याला भाजून काढतं. काहीशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा भाग जातो, हे मला फार लागतं. साधे निकेलचे प्लग बहुधा 20 ते 40 हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे प्लग आधी थकतात. डिझेल गाडीवाल्यांना या कामाची गरजच नाही. तिथे इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं.

काम घरी करण्याजोगं आहे, पण इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. सिलिंडर हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचे आटे पोलादाचे. तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, त्यातून प्लग ओढून काढताना हेडचे आटे सोबत येऊ शकतात. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गरम इंजिनात घट्ट पिळलेला प्लग, हेड गार होऊन आकसलं की आवळला जातो.

चावी काढून ठेवली, कॉइलच्या कनेक्टरची कडी हळूच उचलली (उष्णतेने ते प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, नखाएवढाच जोर द्यायचा), 10 नंबरचा बोल्ट सोडून कॉइल वर ओढली. खाली प्लग एका खोल नळीत बसलेला दिसतो. इथे थांबायचं. त्या नळीत वर्षानुवर्षांची धूळ आणि वाळूचे कण असतात. प्लग सुटला की ते थेट सिलिंडरमध्ये पडणार आणि पिस्टनबरोबर भिंतीवर घासणार. भाचीने सायकलच्या पंपाने जोरात हवा मारली, धुळीचा लोट वर आला. त्यानंतरच प्लग पाना आत गेला. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे कॉइल आणि कनेक्टरची अदलाबदल होत नाही.

नवा प्लग बसवताना सगळ्यात मोठी भीती आटे चुकण्याची. माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या स्कूटरवर मी ही चूक केली होती. प्लग वाकडा लागला, मी पान्याने रेटला, आणि हेडचे आटे गेले. गॅरेजमध्ये भोक मोठं करून आत नवी आट्याची गुंडाळी बसवावी लागली. तेव्हापासून पाना लावण्याआधी रबरी नळीचा वीतभर तुकडा वापरतो. तो प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळीनेच प्लग फिरवत खाली न्यायचा. आटे जुळले तर प्लग लोण्यात गेल्यासारखा फिरत जातो. चुकले तर नळी जागच्या जागी घसरते, धातूला इजा होण्याइतका जोर तिच्यात नसतोच.

हाताने टेकेपर्यंत आल्यावर किती आवळायचं? 14 मिलिमीटर आट्यांचा वॉशरवाला (खाली चेपणारी धातूची चकती असलेला) नवा प्लग असेल तर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, म्हणजे घड्याळात बारापासून सहा-आठपर्यंत. तोच प्लग काढून पुन्हा लावत असाल तर बारापासून फक्त एकपर्यंत, कारण वॉशर आधीच चेपलेला असतो. बारीक आट्यांच्या प्लगना याहून कमी लागतं, ते खोक्यावरच्या चित्रात दिलेलं असतं. टॉर्क रेंच, म्हणजे पिळाचा जोर मोजणारा पाना, असेल तर 14 मिलिमीटरला 25 ते 30 न्यूटन-मीटर. पाव मीटर दांड्याच्या टोकाला 10 किलो टांगल्यावर साधारण तेवढा पीळ पडतो. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त घुसतो आणि आटे ताणले जातात.

सैल प्लगही तितकाच वाईट. प्लगच्या टोकाची उष्णता बाहेर पडायचा मुख्य रस्ता म्हणजे आटे आणि तो वॉशर. टोक साधारण 450 अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून साफ होते. 850 च्या बरंच वर गेलं तर ते निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. या दोन आकड्यांमध्ये राहण्यासाठी प्लगचा हीट नंबर, म्हणजे तो उष्णता किती लवकर बाहेर सोडतो हे सांगणारा आकडा, ठरलेला असतो, म्हणून गाडीला सांगितलेलाच नंबर घ्यावा. दुकानदाराने "तसाच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर आकड्यावर जाऊ नका. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे गरम.

आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नये. गॅप मिटतो हे दिसतं, चिनी मातीला गेलेली केसाएवढी चीर दिसत नाही, आणि वीज नेमकी तिथून निसटते. पूर्वी आम्ही प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावायचो. टू-स्ट्रोकच्या दिवसांत तेलकट काजळी इतकी धरायची की डिकीत एक जादा प्लग असायचाच. इरिडियमच्या तारेला मात्र पॉलिश पेपर लावू नका, ती तुटते.

सगळं झाल्यावर आम्ही जुने प्लग वाचायला बसलो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा गाडी रोज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंतच धावते आणि प्लग कधी तापतच नाही. ओला तेलकट काळा असेल तर ऑइल आत शिरतंय. पांढरं, फोड आलेलं टोक दिसलं तर गाडी चालवत न राहता मेकॅनिकला दाखवावं. आमचे पहिले दोन तपकिरी निघाले, तिसरा थोडा काळपट.

"मामा, याला अंगठी आलीये," भाची म्हणाली. पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या षटकोनाच्या लगेच वर, एक तांबूस कडं होतं. अनेकांना वाटतं की तिथून गॅस गळतोय, आणि चांगला प्लग बाद केला जातो. खरं तर तिथल्या तीव्र विद्युतक्षेत्राने भोवतीची हवा मंद चमकते, त्याला कोरोना म्हणतात. हवेतले तेलाचे बारीक कण त्या भारित जागी येऊन चिकटतात आणि डाग पडतो. तो निरुपद्रवी आहे. त्याच्या वरचे चिनी मातीचे वळे कशासाठी, हेही तिने विचारलं. विजेला पृष्ठभागावरून सरपटत खाली जायचं असेल तर तिचा रस्ता लांबावा म्हणून. विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरला ताटल्या असतात, त्याच कारणाने.

तिसरा प्लग तिने स्वतः नळीने बसवला होता. चावी फिरवल्यावर इंजिन एका दमात सुरू झालं. जुन्या प्लगवर तिने मार्करने एक, दोन, तीन लिहिलं, खोक्यावर तारीख आणि किलोमीटर घातले, आणि काळपट निघालेल्या तिसऱ्यासमोर एक प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या वेळी तो सिलिंडर आधी उघडायचा आहे.