चुलीचा धूर आणि बाळाचं वजन : पार्श्वभूमी

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला लागतो हे कुणी सांगायला नको, पण त्याच धुराचा पोटातल्या बाळाच्या वाढीशी संबंध असेल याकडे लक्ष तसं उशिराच गेलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या काही गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला गेला. त्याच सुमारास सरकारने निर्धूर चुलींची योजना काढली, कोट्यवधी चुली बसवल्या, पण सगळा भर सरपण वाचवण्यावर राहिला, आणि 2002 मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेतलं.

त्याच वर्षी ग्वाटेमालातला अभ्यास आला. लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या आयांची बाळं सरासरी 63 ग्रॅमने हलकी होती. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो हे माहीत होतंच, पुढे 2019 ला बेल्जियममध्ये वारेच्या, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या प्लॅसेंटाच्या, बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण दिसले.

आता खरा वाद. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तमिळनाडू अशा चार ठिकाणी मिळून 3200 गरोदर बायका घेऊन मोठा प्रयोग झाला, निम्म्यांना गॅसची शेगडी आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत गॅस फुकट, बाकीच्यांची चूल तशीच. चूलवाल्या बायकांच्या वाट्याला धुरातले सूक्ष्म कण घनमीटरला साधारण 70 मायक्रोग्रॅम आणि गॅसवाल्यांच्या वाट्याला 24 म्हणजे केवढा फरक, आणि तरी 2022 मध्ये निकाल आला तेव्हा जन्मवजनातला फरक जेमतेम 20 ग्रॅम, तोही योगायोगाने आला असेल असा. 2024 ला कळलं की वर्षाच्या बाळांमधलं खुजेपणाचं प्रमाणही घटलं नाही. मग ‘गॅस देऊन काही होत नाही’ असं सरसकट म्हटलं जायला लागलं, आणि हे मला अजिबात पटत नाही. कारण या बायका प्रयोगात आल्या तेव्हा त्यांना गरोदरपणाचे 9 ते 20 आठवडे झालेले होते, शेगडी त्यानंतर घरी आली, म्हणजे वार तयार होण्याचे पहिले तीन महिने बहुतेकींचे धुरातच गेले आणि त्याआधीची वर्षंही. लग्न झाल्याबरोबर शेगडी द्यायची तर हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागलं असतं, ते खर्चिक, त्यामुळे तो निर्णय समजू शकतो, पण मग निष्कर्षही तेवढ्यापुरताच धरा ना. बाळाची उंची एकट्या धुरावर ठरत नाही, खाणं, पाणी, जुलाब, आईचं रक्त हे सगळं आहेच. पण तमिळनाडूतल्याच दुसऱ्या अभ्यासात कण 10 मायक्रोग्रॅमने वाढले की वजन 4 ग्रॅमने कमी दिसलं होतं, आणि तेही विसरून चालणार नाही.

दरम्यान, 1 मे 2016 ला गरीब घरांना गॅस कनेक्शन देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 2019 च्या सप्टेंबरात आठ कोटीवं कनेक्शन आपल्या औरंगाबादेत दिलं गेलं. कनेक्शन बाईच्या नावावर, हे फार चांगलं झालं. अडतंय ते टाकी परत भरण्यात. ऑक्टोबर 2023 मध्ये टाकीमागची सबसिडी 300 रुपये झाली, तरी पैशांची ओढाताण असली की पऱ्हाट्या आणि गोवऱ्या निघतातच. आणि कनेक्शन कुणाला द्यायचं याच्या निकषांत गरिबी आहे, घरात आधीचा गॅस नसणं आहे, पण नवं लग्न किंवा गरोदरपण नाही.